सीएलएलमध्ये लिम्फोसाइट एवढ्या वाढलेल्या असताना वारंवार न्यूमोनिया का होतो?

तुमचा प्रश्न असा: वडील ६८ वर्षांचे, सीएलएलचं (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग) निदान झालेलं, औषध अजून सुरू नाही. पांढऱ्या पेशी ८४,०००, त्यात ८८ टक्के लिम्फोसाइट. या पेशी रोगाशी लढतात, तर मग वर्षात दोनदा न्यूमोनिया कसा?

हिशोबाने लिम्फोसाइट ७४ हजारांच्या आसपास होतात. पण त्या जवळजवळ सगळ्या एकाच बिघडलेल्या बी-पेशीची (अँटिबॉडी बनवण्याचं काम असलेल्या लिम्फोसाइटची) पिलावळ आहेत. निरोगी शरीरात बी-पेशींचे असंख्य प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळा जंतू ओळखतो. इथे एकच प्रकार अफाट वाढलाय, आणि तो कामाचा नाही. वडिलांच्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) रिपोर्टमध्ये सीडी५, सीडी१९, सीडी२३ या खुणा पॉझिटिव्ह आणि अँटिबॉडीच्या कॅपा किंवा लॅम्डा या साखळ्यांपैकी एकच दिसेल. तो या एकसारखेपणाचाच पुरावा.

स्मिअरच्या (काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी) रिपोर्टमध्ये 'स्मज सेल' लिहिलेलं असेल तर घाबरू नका. या पेशी इतक्या नाजूक असतात की काचेवर रक्ताचा थेंब ओढतानाच फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळट, फरकटलेले डाग दिसतात. रक्तात आधी थोडं अल्ब्युमिन (एक प्रथिन) मिसळून स्मिअर काढला तर त्या शाबूत राहतात.

आता न्यूमोनियाचं. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारख्या जंतूंवर गुळगुळीत कवच असतं. त्यावर अँटिबॉडी चिकटल्याशिवाय न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांना नीट गिळू शकत नाहीत. सीएलएलमध्ये निरोगी बी-पेशी मागे पडतात, अँटिबॉडी घटतात आणि असे जंतू छातीत आणि सायनसमध्ये पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात. टी-पेशींची (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) संख्या बऱ्याचदा नॉर्मल किंवा वाढलेलीही असते, पण त्या थकलेल्या असतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढलेला असतो आणि समोरच्या पेशीशी घट्ट जोडणी होत नाही. नागीण उठते ती यामुळे.

मला या आजारात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मॅक्रोफेजची, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या पेशींची, फितुरी. सीएलएलच्या पेशी शरीराबाहेर नुसत्या बशीत ठेवल्या तर काही दिवसांत आपोआप मरतात. पण मोनोसाइटपासून (रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीपासून) तयार झालेल्या, मॅक्रोफेजसारख्याच 'नर्सलाइक' पेशी सोबत असतील तर त्या आठवडेच्या आठवडे तग धरतात. लिम्फ नोड आणि अस्थिमज्जेत हेच चालतं. इब्रुटिनिब, अकालाब्रुटिनिब ही औषधं पेशींना या आसऱ्यातून बाहेर काढतात. म्हणून पुढे ही औषधं सुरू झाली, तर पहिल्या काही आठवड्यांत गाठी बसतात पण रक्तातला लिम्फोसाइटचा काउंट उलट वाढतो. तेवढ्यावरून औषध निकामी समजून आपल्या मनाने बंद करू नका.

सध्या करायचं ते असं. आयजीजी, आयजीए, आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडींचे प्रकार) तपासून घ्या. आयजीजी साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते ४००-५०० च्या खाली असेल आणि गंभीर इन्फेक्शन परत परत होत असेल तर हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञ) आयव्हीआयजीबद्दल (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) विचारा. नेहमीचा डोस किलोमागे ४०० मिलिग्रॅम, दर ३-४ आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम. महाग आहे, त्यामुळे फक्त आकडा कमी म्हणून सरसकट देत नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या न्यूमोनियानंतर थुंकीची टीबी तपासणी राहून जाऊ नये.

न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट, दरवर्षी फ्लूची आणि नागिणीची रिकॉम्बिनंट लस शक्यतो उपचार सुरू होण्याआधी द्या. प्रतिसाद थोडा कमी मिळतो, तरी घेतलेली बरी. रिटुक्सिमॅबनंतर (बी-पेशी मारणारं औषध) किमान सहा महिने तो फारच क्षीण असतो. जिवंत लसी मात्र टाळा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की घरी पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक. गोंधळलेली प्रतिकारशक्ती कधी स्वतःच्याच लाल पेशी फोडते. हिमोग्लोबिन काही दिवसांत झपाट्याने उतरलं, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर 'आजार वाढला' असं गृहीत धरू नका. डीसीटी (लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटल्यात का ते दाखवणारी), रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची संख्या), एलडीएच आणि बिलिरुबिन या रक्ततपासण्या लगेच करायला सांगा. त्यावरचा पहिला उपचार बहुधा स्टेरॉइड असतो, केमोथेरपी नव्हे.