‘जो’ सापडतो, ‘तो’ कुठे जातो?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो आणि पोथ्या-अभंग सावकाश वाचू लागलो. ‘जो… तो’, ‘जैसे… तैसे’ अशी जोडीची वाक्यं पदोपदी दिसतात. ती वहीत उतरवावी म्हणून नातवाकडून संगणकावर ‘जो’ आणि ‘तो’ शोधून घेतले. ‘जो’ मिळाले, पण ‘तो’ निम्मेसुद्धा नाहीत. कुठे बिनसतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : नातवाला बोल लावू नका. तुम्हाला पाठ असलेलाच अभंग घेऊ या.

जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥
तोचि साधु ओळखावा । देव तेथेचि जाणावा ॥

यात ‘तो’ हा सुटा शब्द एकदाही नाही. ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय लावून शोधलंत, तर संगणक शून्य म्हणणार. तो पर्याय काढलात तर ‘तोचि’ मिळेल, पण त्याच्यासोबत होतो, जातो, तोंड, तोरण असा सगळा गोतावळा येईल. जोड्या मात्र ठणठणीत आहेत. ‘जे’ची जोडी ‘त्यासि’शी, ‘जो’ची ‘तोचि’शी. गंमत अशी की पहिली जोडी पुरी होते ती दुसरीच्या पोटात : रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणारा जो, तोच साधू. तुकोबांनी एकात एक दोन वाक्यं बसवली आहेत आणि म्हणताना आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणजे ‘तो’ हरवत नाही, विभक्ती लागून रूप बदलतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिच्या शेवटी त्यांनी पुढच्यांना दम भरला आहे :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. आता क्रियापदाकडे बघा. ‘करील’ आहे तिथे कर्ता ‘जो’ राहिला. ‘ठेविली’ आलं आणि त्याला ‘तेणें’ व्हावं लागलं. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की मराठीत कर्त्याला ‘ने’ चिकटतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. कथा-चरित्रं तर भूतकाळातच चालतात, तेव्हा तिथे तुमचे कितीतरी ‘तो’ तेणें, त्याणें, त्याने या वेषात असणार.

पसायदानातल्या ‘जो जें वांछील तो तें लाहो’ इतकी उघड जोडी विरळा. सहा शब्दांत दोन जोड्या, आणि चारही सर्वनामं मूळ रूपात.

म्हणून ‘त’च्या बाजूने शोधायला जाऊ नका, तिकडे गर्दी फार. ‘ज’ची बाजू धरा. जो, जी, जे, जया, ज्या-, जेथ, जैसा, जंव, जरी, जितुका, एवढी बिऱ्हाडं आधी कागदावर मांडा. एकेक शोधा, सापडलं की वाक्य संपेपर्यंत डोळ्यांनी वाचा आणि जोडीदार स्वतः ओळखा. वहीत ‘ज’चा शब्द, ‘त’चा शब्द आणि अख्खी ओळ असे रकाने करा. नुसते शब्द उतरवलेत तर महिन्याभराने त्या वहीचा तुम्हालाही उलगडा होणार नाही.

आणखी एक मेख आहे. पुष्कळदा ‘जो’ नसतोच. ‘कसेल त्याची जमीन’, ‘हसतील त्यांचे दात दिसतील’, ‘बळी तो कान पिळी’. यांत ‘ज’ शोधून काय मिळणार? वर अभंगातही ‘तेथेचि’ आहे, ‘जेथे’ गाळला आहे. अशा वाक्यांसाठी उलटी खूण धरायची : कसेल, हसतील अशा भविष्यकाळी क्रियापदाला लागून त्या-, त्याची, त्याला येतं का ते पाहायचं. सगळी सापडणार नाहीत. पण म्हणींचा संग्रह घेऊन बसलात तर संध्याकाळ छान जाईल.

प्रश्न : जुन्या छापील पुस्तकाची स्कॅन प्रत मिळाली, तिच्यातून यंत्राने काढलेला मजकूरही मिळाला. ‘गाव’ शोधलं तर एकही नाही, आणि पुस्तक तर गावगाड्यावरचं! – एक वाचक, बंगळुरू

उत्तर : ‘गांव’ शोधून बघा. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ सालचे. त्याआधीच्या छपाईत नांव, गांव, पांच, कोंवळा असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास भेटतात. ‘नाहीं’, ‘जेथें’ यांतला अनुस्वार शेवटी असल्यामुळे ‘पूर्ण शब्द’ काढून ठेवलात की बहुधा निभावतं. तो शब्दाच्या मधे असला की शोध अडतो, दोन्ही रूपं वेगवेगळी शोधावी लागतात. म्हणून, म्हणोन, म्हणौनि यांचंही तेच.

यंत्राने काढलेल्या मजकुरावर डोळे झाकून विसंबू नका. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते. मी जन्मभर प्रूफं तपासली. शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवून छापायच्या जमान्यातही हीच अक्षरं छळायची, फरक इतकाच की तेव्हा जुळाऱ्याला हाक मारता यायची. एखादा नमुना फारच नवलाचा वाटला तर आधी पानाचं चित्र उघडा.

प्रश्न : ‘तो माणूस, जो काल आला होता, आज पुन्हा आला’ असं मी लिहिलं. मैत्रीण म्हणते, हे इंग्रजी वळण. मी तिला ‘त्यासि म्हणे जो आपुले’ दाखवलं. कोण बरोबर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मैत्रीण. पद्यात यमकासाठी आणि चालीसाठी शब्द हवे तिथे सरकतात, त्यावरून गद्याचा नियम काढता येत नाही. आणि तुमच्या पुराव्यातही ‘जो’ आधी आणि ‘तोचि’ नंतरच आहे! तुमच्या वाक्यात ‘तो माणूस’ आधी येऊन बसतो आणि ‘जो’ मागून स्वल्पविरामांच्या कुबड्या घेऊन येतो. माझ्या हाती प्रूफ आलं असतं तर समासात लिहिलं असतं : ‘काल आलेला माणूस आज पुन्हा आला.’ ‘जो’ ठेवायचाच असेल तर ‘काल जो माणूस आला होता, तो आज पुन्हा आला’ असं करा. तरी मैत्रिणीला एक सांगा, की असं वाक्य दिसलं म्हणजे लेखकाने इंग्रजीच समोर ठेवलं असेल असं लगेच ठरवू नये. आता ते वर्तमानपत्रात रोज दिसतं, आणि लिहिणाऱ्याने ते बहुतेक दुसऱ्या मराठी बातमीतूनच उचललेलं असतं.