अंधुक फोटोतला गरुड: नाव कुठपर्यंत सांगता येतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जानेवारीत सकाळी अकराच्या सुमाराला गोव्यात वाळपईच्या पुढे घाटाकडे जाताना एक मोठा पक्षी उंचावर घिरट्या घालत होता. मोबाइल झूम करून तुम्ही दोन फोटो काढले, दोन्हींत तो काळाकुट्ट आहे. हा काळा गरुडच ना? आणि फोटो असे धूसर असतील तर ओळखायचं कशावरून?

काळा गरुड असू शकतो, सत्तरी तालुक्याच्या रानावर तो उडताना दिसतो. पण फोटोत काळा आला एवढ्यावरून ते नाव देऊ नका. उजळ आभाळासमोरचा कुठलाही पक्षी काळाच येतो. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्षी अंधारात जातो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडसुद्धा अशा फोटोत करडा-काळा दिसतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. चोर्ला घाटाच्या अलीकडे काढलेल्या एका फोटोवरून मी ई-बर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या ऑनलाइन संग्रहात, काळ्या गरुडाची नोंद केली. काही महिन्यांनी तीच मूळ फाइल संगणकावर उघडली आणि फक्त सावल्यांचा भाग उजळला. पंखाच्या मागच्या कडेला समांतर अशी फिकट पट्टी हळूहळू वर आली, मग शेपटीतही तसाच एक रुंद पट्टा दिसला. तो सर्पगरुड होता. नोंद त्याच दिवशी दुरुस्त केली, पण तोवर ती सगळ्यांसाठी उघडी होती. कुठला पक्षी कुठे, कोणत्या महिन्यात असतो हे पुढे अशाच नोंदींवरून ठरतं, म्हणून मला ती चूक अजून लागते.

आधी फोटोत मुळात किती माहिती आहे ते बघा. पंख पसरून दीड मीटर भरणारा पक्षी अर्धा किलोमीटर दूर असेल, तर ४०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १.२ मिमी पडते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर ते साधारण ३०० पिक्सेल झाले, म्हणजे आकार, शेपटी, ठळक पट्टे यांना पुरेसे. मोबाइलच्या मुख्य लेन्सने तोच पक्षी दहा-पंधरा पिक्सेलचा येतो. त्यावर बोटांनी झूम केलं की फोन मधली जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. पिसांसारख्या दिसणाऱ्या त्या रेघा पक्ष्याच्या नसतात. कडेची जांभळी-हिरवी झाकही लेन्सची असते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट नको, मूळ फाइल हवी. आणि शार्पनिंग तर मुळीच करू नका.

आता ओळखीचं. दूरच्या पक्ष्यात रंग सगळ्यांत शेवटी बघावा. मधुबाज हे त्याचं उत्तम उदाहरण आहे: एक जवळजवळ पांढरा, दुसरा तपकिरी, तिसरा गडद, आणि तिन्ही मधुबाजच. रंगावरून गेलात तर दर वेळी वेगळं नाव पुढे येईल. पण लांब मानेवर कबुतरासारखं बारीक डोकं, लांब शेपटी, आणि घिरट्या घालताना आडवे, सपाट धरलेले पंख, हे तिघांतही तेच राहतं. समुद्रगरुडाचे पंख इंग्रजी व्हीसारखे चांगलेच वर उचललेले असतात, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी. कैकर, म्हणजे मासे पकडणारा ऑस्प्रे, हिवाळ्यात आपल्या नद्यांवर येतो. त्याचे पंख मनगटापाशी मोडल्यासारखे दिसतात, म्हणून लांबून तो कुरव (सीगल) वाटतो.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की काळा गरुड आणि सर्पगरुड, दोघेही पंख थोडे वर उचलून तरंगतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लागत नाही. पंख अंगाला जिथे जोडलेला असतो ती जागा बघा. काळ्या गरुडाचा पंख तिथे चिमटल्यासारखा अरुंद असतो, पुढे रुंद होतो, आणि टोकाची पिसं बोटांसारखी लांब फाकलेली असतात. शेपटीही लांब. सर्पगरुडाचा पंख रुंद नि गोलसर, शेपटी त्यामानाने आखूड. उडण्यातही फरक आहे: काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना लागून अगदी सावकाश, जणू काही शोधत फिरतो, कारण तो दुसऱ्या पक्ष्यांची घरटी लुटतो.

एकाच फोटोवर विसंबू नका, हेही सांगायला हवं. पक्षी वळताना एका क्षणी पंख आखूड दिसतो, पुढच्या क्षणी लांब. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, हे आपण शाळेपासून ऐकतो, पण तीच घार शेपटी पसरते तेव्हा ती खाच पार नाहीशी होते. पिसं गळत असतील तर आणखी गोंधळ. ब्राह्मणी घारीचं पिल्लू तपकिरी असतं आणि लांबून सरळ घारच वाटतं, पण त्याच्या शेपटीचं टोक गोल असतं. म्हणून दहा-पंधरा फोटो लागोपाठ काढा आणि सगळे ठेवा. वाईट वाटलेल्या फोटोतच कधीकधी हवा तो कोन सापडतो. पुढच्या वेळी आभाळासमोर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवून, म्हणजे फोटो मुद्दाम जास्त उजळ करून काढा. आभाळ पांढरं पडू दे, पोटाखालचे पट्टे हाती लागतील.

सराव कुठे करायचा? मालीम जेटीवर किंवा रायबंदर-चोडण फेरीच्या धक्क्यावर तासभर बसा. गावात आम्ही सरसकट सगळ्या घारींनाच घोण म्हणत आलो, पण तिथे बसलं की साधी आणि ब्राह्मणी, दोन्ही घारी वेगळ्या कळायला लागतात. नाव पक्कं ठाऊक असलेल्या घारीचे मुद्दाम लांबून, उजेडाविरुद्ध, वाईट फोटो काढा आणि घरी येऊन बघा, काय टिकलं आणि काय पुसलं गेलं. मला कुठल्याही पुस्तकापेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

राहता राहिलं नाव. तुमच्या दुसऱ्या फोटोत पंख बुडाशी अरुंद दिसत नाही, गोलसर दिसतो, म्हणून माझा कल सर्पगरुडाकडे आहे. पण इतक्या पिक्सेलवर मी स्वतः ‘गरुड, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करीन. ई-बर्डवर तशी सोय आहे, आणि ती नोंदही कामाची असते. मूळ फाइल असेल तर इथे टाका, सावल्या उजळून बघू. आणि आठवत असेल तर सांगा: घिरट्या घालताना तो ओरडत होता का? सर्पगरुड आभाळातून उंच, तीक्ष्ण शीळ घालतो, दोन-तीन सुरांची, खालच्या रस्त्यावरही स्पष्ट ऐकू येते.