यीस्टच्या जनुकांपासून इम्युनोथेरपीपर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिला कर्करोग होत नाही आणि तिच्याकडे टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशीही नसतात. मग कर्करोगाचे संशोधक उमेदीची वर्षे यीस्टवर का घालवतात?

उत्तर : कर्करोग हा मुळात पेशीविभाजनावरचा ताबा सुटण्याचा आजार आहे आणि हा ताबा ठेवणारी जनुके यीस्टमध्ये शोधणे तुलनेने सोपे जाते. यीस्ट अनुकूल परिस्थितीत साधारण दीड तासात दुप्पट होते, शिवाय प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेल्या अवस्थेतही ते वाढते. त्यामुळे बिघडलेल्या जनुकाचा परिणाम दुसऱ्या निरोगी प्रतीमागे दडून राहत नाही. लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास सिएटलमध्ये असे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) यीस्ट निवडले, जे एरवी नीट वाढते, पण तापमान वाढवताच विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकते. त्यातून विभाजनाचा क्रम उलगडला. पुढे पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये दाखवले की, वेगळ्या जातीच्या यीस्टमधील या क्रमाचे एक कळीचे जनुक बिघडले असता त्याच्या जागी माणसाचे तेच जनुक काम चालवू शकते. दोघांचे पूर्वज शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असूनही हे घडते, म्हणून मला हा प्रयोग आधुनिक जीवशास्त्रातील सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : यीस्टच्या जनुकशास्त्राचा इम्युनोथेरपीशी, म्हणजे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध लढवणाऱ्या उपचाराशी, थेट संबंध आहे, की काही संशोधकांनी केवळ विषय बदलला?

उत्तर : संबंध थेट आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. डीएनएची प्रत तयार होताना चुकीची अक्षरे जोडली जातात आणि पेशीतील एक दुरुस्ती यंत्रणा त्या चुका काढून टाकते. १९९३ मध्ये थॉमस पीट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये या यंत्रणेची जनुके निकामी केली, तेव्हा डीएनएतील त्याच त्या अक्षरांची पुनरावृत्ती असलेले तुकडे १०० ते ७०० पट अधिक अस्थिर झाले. अशीच अस्थिरता त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या काही गाठींत आढळली होती. यीस्टवर काम करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी जुळवून, या रुग्णांत दुरुस्तीची जनुकेच बिघडलेली असावीत असे अनुमान मांडले आणि काही महिन्यांतच आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगाशी निगडित असे मानवी जनुक सापडले.

दुसरा धागा प्रतिकारशक्तीचा आहे. टी-पेशींवर सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही प्रथिने ब्रेकसारखे काम करतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांनी हे ब्रेक सोडवण्याची वाट दाखवली, त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण ब्रेक सुटले तरी टी-पेशीला परके वाटेल असे काही गाठीत असावे लागते. दुरुस्ती यंत्रणा निकामी झालेल्या गाठीत उत्परिवर्तने साचत जातात आणि त्यांतून अनोळखी प्रथिने तयार होतात. २०१५ च्या एका अभ्यासात अशा गाठींत सरासरी १,७८२ उत्परिवर्तने आढळली, तर यंत्रणा शाबूत असलेल्या गाठींत अवघी ७३. आणि पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला आतड्याच्या कर्करोगात प्रतिसाद मिळाला तो पहिल्याच गटात. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, केवळ या दोषाच्या आधारे पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध वापरण्यास परवानगी दिली. अशी परवानगी पहिल्यांदाच दिली गेली होती.

प्रश्न : माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. त्यांना हे औषध लागू पडेल का?

उत्तर : ते गाठीच्या तपासणीवर ठरेल. दुरुस्ती यंत्रणेची प्रथिने गाठीत आहेत का, हे पाहण्याची चाचणी केली आहे का, असे आपल्या कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. बहुसंख्य रुग्णांत हा दोष नसतो. औषध चालू झाल्यास जुलाब, धाप लागणे किंवा असह्य थकवा अंगावर काढू नका, कारण मोकळी झालेली प्रतिकारशक्ती आतडे, फुप्फुस, थायरॉईड अशा निरोगी अवयवांवरही हल्ला करू शकते.

प्रश्न : यीस्टच्या गोळ्यांनी कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढते का?

उत्तर : नाही, तो उपचार नव्हे. केमोथेरपी चालू असताना जिवंत यीस्टपासून रक्तात संसर्ग होण्याचाही धोका असतो.

प्रश्न : मी यीस्टवर पीएच.डी. करते आहे. पुढे इम्युनोथेरपीत काम करता येईल का?

उत्तर : निश्चितच. हजारो उत्परिवर्ती पेशींतून नेमकी हवी ती पेशी निवडण्याची जी शिस्त आपण शिकत आहात, तीच आज टी-पेशींमधील एकेक जनुक बंद करून त्याचे कार्य शोधताना वापरली जाते. डेन विट्रप यांनी १९९७ मध्ये यीस्टच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडण्याचे तंत्र प्रसिद्ध केले आणि त्यातून लाखो प्रकारांमधून घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी; पीडी-१ रोखणारी औषधेही याच प्रकारची आहेत) निवडता येऊ लागली. हा तर आपल्यासाठी सरळ पूल आहे. मात्र उंदरावरच्या एका प्रयोगाला कित्येक आठवडे लागतात, एकाच वाणाच्या उंदरांतही प्रतिसाद वेगवेगळे येतात आणि रुग्णांच्या नमुन्यांत तर यीस्टसारखा एकसारखेपणा मुळीच नसतो. म्हणून शेवटच्या वर्षाची वाट न पाहता आताच प्रतिकारशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा पायाभूत अभ्यास सुरू करा, आणि पुढील प्रयोगशाळा निवडताना तिथे रुग्णांचे नमुने आणि त्यांच्याशी जोडलेली उपचारांची नोंद उपलब्ध आहे का, हे आधी विचारून घ्या.