वाचकांचे प्रश्न : तांब्या आणि पाणी

प्रश्न : मी रावेर तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. सहा वर्षांची एक मुलगी जन्मापासून ऐकत नाही, तिला दिसतही नाही. तिचे हात धरून रोज वीसेक खुणा करून घेते, पण ती हात ओढून घेते. हेलन केलर तर महिनाभरात शिकली. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुलना आधी सोडा. हेलनच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन ३ मार्च १८८७ला आल्या आणि पाण्याच्या पंपाखाली तिला पहिल्यांदा शब्दाचा अर्थ उमगला तो प्रसंग ५ एप्रिलचा, हे खरं. पण हेलनची नजर आणि कान गेले ते ती एकोणीस महिन्यांची असताना. तोवर तिच्या कानावर भाषा पडली होती. तुमच्या मुलीला तेवढीही शिदोरी नाही.

तुम्ही वरून हात धरता, म्हणून ती ओढून घेते. आपला हात खाली ठेवा, तिची बोटं वर राहू द्या. नको वाटलं तर तिला काढून घेता आलं पाहिजे.

वीस खुणा बंद. चार वस्तू पुरेत : जेवणाला तिची वाटी, बाहेर जायला चप्पल, झोक्याला दोरीचा तुकडा, आंघोळीला तांब्या. काम सुरू होण्याच्या अगदी आधी वस्तू द्या, खूण करा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा. हे थांबणंच भल्याभल्यांना जमत नाही. बोट हललं, श्वास रोखला, तरी ते उत्तरच. काम संपलं की तिच्याच हातांनी वस्तू ‘संपलं’च्या टोपलीत टाकायची.

एका वस्तूचा एकच अर्थ ठेवा. तोच तांब्या पिण्यालाही वापरला, तर तिला कळणार कसं? हेलनचाही पेला आणि पाणी यांत गोंधळ होत होता. म्हणून सलिव्हनबाईंनी तिला पंपाखाली पेला धरायला लावला आणि पाणी वाहत असताना मोकळ्या हातावर बोटांच्या खुणांनी ‘पाणी’ हा शब्द अक्षर-अक्षर करून दिला. तुम्ही पिण्याला वेगळा पेला ठेवा.

प्लॅस्टिकची गाय तिच्या लेखी नुसतं प्लॅस्टिक. गोठ्यात न्यायचं तर दाव्याचा तुकडा द्या. आणि मे महिन्यात स्टीलची वाटी अंगणात ठेवू नका. एकदा चटका बसला की ती जेवणालाच नाही म्हणेल. घरी आई-आजीनेही ह्याच वस्तू वापरायच्या, नाहीतर शाळेची एक भाषा आणि घरची दुसरी.

प्रश्न : मुलगा ‘बहिरा-अंध’ ठरला आहे. आता श्रवणयंत्राचा काय उपयोग? (एक पालक, धुळे)

उत्तर : दादा, अशा बऱ्याच मुलांना थोडं ऐकू येतं किंवा उजेड-सावली कळते. त्यामुळे बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी) आणि डोळ्यांची तपासणी दोन्ही करून घ्या. बेरा झोपेत होते, तेव्हा त्या दिवशी पोराला गाडीत झोपू देऊ नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरे-अंधत्व बहुविकलांगतेत येतं. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढताना दोन्ही अहवाल सोबत ठेवा.