वाचकांचे प्रश्न : प्रेमकथेचा खर्डा आणि कृतज्ञतेची वही

या खेपेला प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांची पत्रं बरीच आली. त्यांतल्या काहींनी रोजच्या कृतज्ञतेच्या नोंदींबद्दलही विचारलं आहे. दोन्ही विषय एकमेकांना लागून आहेत, म्हणून उत्तरं एकत्रच देत आहोत.

प्रश्न : नोकरी सांभाळून रोज जेमतेम पाऊण तास मिळतो. एवढ्या वेळात कादंबरी पुरी होते का?

होते. हिशेब मांडून बघा. प्रेमकादंबरी साधारण ५० ते ८० हजार शब्दांची असते. आपण ६० हजार धरू. पाऊण तासात ४०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला २,००० शब्द. ३० आठवड्यांत पहिला खर्डा हातात येतो. पुनर्लेखनाला आणखी तीन-चार महिने लागतील. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत. ते पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. त्यांच्यापाशी तीन तास असत, म्हणून पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचं लेखन वाचण्यात घालवणं त्यांना परवडत होतं. तुम्हाला ते परवडणार नाही.

पाऊण तासवाल्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. कालचं वाचायला घेतलं की हात दुरुस्तीकडे वळतो आणि नवीन एक ओळ न लिहिता वेळ संपतो. कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा आणि पुढे चला. उठताना प्रसंग संपवून उठू नका. तो मध्येच सोडा आणि पुढे काय होणार ते दोन ओळींत टिपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट होत नाही. एखादी माहिती अडली तर चौकटी कंसात ‘बोटीची वेळ बघणे’ एवढंच लिहा. माहिती शोधायला त्या वेळात उठू नका. आठवडाभर खंड पडला तर राहिलेले शब्द भरून काढायच्या फंदात पडू नका. पहिल्या दिवशी १५० शब्द झाले तरी पुरे. हात वळणावर आला की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

प्रश्न : माझे नायक-नायिका निम्म्या कादंबरीतच एकमेकांचे होतात. पुढे लिहायला काही उरतच नाही.

त्यांच्यामधला अडसर तकलादू असणार. एक कसोटी लावा : दोघं दहा मिनिटं शांतपणे बोलली तर पेच सुटतो का? सुटत असेल तर तो निव्वळ गैरसमज आहे, आणि गैरसमजावर २० हजार शब्दांच्या पुढे कादंबरी तग धरत नाही. वाचक वैतागतो, कारण पात्रं मुद्दाम गप्प ठेवली आहेत हे त्याला कळतं.

अडसर दोन पदरी हवा. बाहेरचा पदर म्हणजे परिस्थिती : दोघांची कामं वेगळ्या गावी असणं, किंवा एकाच पदासाठी दोघांचा अर्ज असणं. आतला पदर म्हणजे त्या माणसाचा स्वतःबद्दलचा पक्का, पण चुकीचा समज. समजा नायिकेला वाटतं, ‘मदत घेतली की आपण लहान होतो.’ तर नायकाची प्रत्येक चांगली कृती तिला सुखावतेही आणि बोचतेही. आता प्रेम जसं वाढेल तसा अडसरही वाढत जाईल. मोठी ताटातूट तीन-चतुर्थांशाच्या आसपास येऊ द्या, म्हणजे ६० हजारांत साधारण ४५ ते ४८ हजार शब्दांवर. तिचं कारण आतल्या पदरातूनच यायला हवं. अपघात, अचानक उगवलेली जुनी प्रेयसी किंवा चुकीच्या हाती पडलेलं पत्र यांवर ती उभी केली, तर शेवटचं मीलनही तितकंच उसनं वाटतं.

प्रश्न : माझे सगळे प्रेमप्रसंग सारखेच वाटतात. आणि दुसरं : वर्षभर रोज रात्री तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहिते, पण आता ‘घर, आरोग्य, कुटुंब’ याच्या पुढे पेन सरकत नाही. वही बंद करू का?

हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. कादंबरीत ‘त्याचं प्रेम पाहून तिचे डोळे भरून आले’ आणि वहीत ‘कुटुंबाबद्दल कृतज्ञ’, दोन्हीकडे निष्कर्ष लिहिला आहे, ज्यावरून तो काढला ती गोष्ट मात्र सुटली आहे.

आधी वही. ती बंद करू नका, विरळ करा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहून काढणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. याचं सरळ कारण असं दिसतं की रोजच्या सवयीनं गोष्ट बोथट होते. तेव्हा आठवड्यातला एक दिवस आणि दहा मिनिटं ठरवा. तीन नोंदी पुरेत.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी येऊ द्या : कोणी केलं, नेमकं काय केलं, आणि त्यासाठी त्या माणसाला काय सोसावं लागलं. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते, आणि जीव तिच्यातच असतो. समोरच्यानं ते मुद्दाम आपल्यासाठी केलं, त्यात त्याला झीज सोसावी लागली, आणि आपल्याला त्याचा उपयोग झाला, या तीन जाणिवांवर कृतज्ञतेची तीव्रता ठरते, हे १९६८ च्या एका अभ्यासापासून मानसशास्त्रात मांडलं गेलं आहे. ‘बहिणीबद्दल कृतज्ञ’ ही नोंद आठवड्याभरात विझते. ‘फोनवर मी गप्प झाले तर बहिणीनंही काही विचारलं नाही, मी बोलेपर्यंत नुसती थांबली, तिला कामावर निघायला उशीर होत होता’ ही नोंद दहा वर्षांनीही जिवंत असेल.

नोंद सुचतच नसेल तर उलटा विचार करा : हा माणूस भेटलाच नसता तर? कोणकोणत्या योगायोगांनी भेट झाली ते लिहून काढा. मिळालेली गोष्ट मनातल्या मनात वजा करून बघितली की तिची किंमत पुन्हा कळते. २००८ मधल्या प्रयोगांतही हाच अनुभव आला. मात्र ताज्या दुःखात किंवा कुणी छळत असताना वहीची सक्ती स्वतःवर करू नका. तिथे ती जखमेवरची पट्टी न होता जखम झाकायचं फडकं होते.

आता प्रेमप्रसंग. तुमची वहीच कच्चा माल पुरवते. सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांनी दोन आठवडे रोज रात्री वेगवेगळी रोजनिशी लिहिली. जोडीदाराच्या साध्या, समजून केलेल्या कृतीबद्दल कृतज्ञता वाटली की दुसऱ्या दिवशी नात्यातली जवळीक वाढलेली दिसे. प्रेमकथा लिहिणाऱ्यानं ‘समजून केलेली’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. दार उघडून धरणं कुणीही कुणासाठी करतं, त्यात ती व्यक्ती कुठेच दिसत नाही. हे वाचा :

‘रस्ता ओलांडल्यावर तो तिच्या मागून वळसा घेऊन पुन्हा उजव्या बाजूला आला. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं.’

यात प्रेम हा शब्द नाही, डोळे भरलेले नाहीत, तरी त्यानं तिला किती दिवस न्याहाळलं असेल ते वाचकाला कळतं. खर्डा हाती घ्या आणि जिथे जिथे हृदय धडधडतं, श्वास रोखला जातो, अंगावर शहारा येतो तिथे खूण करा. एका प्रसंगात अशी एकच जागा ठेवा. बाकी ठिकाणी, फक्त त्याच माणसाला लक्षात येईल अशी एक गोष्ट घाला. आणि ती गोष्ट निदान दोन प्रकरणं आधी सहज पेरलेली असू द्या. वरच्या उदाहरणात नायिकेनं आधी कुठेतरी, कारण न सांगता, बसायची जागा बदललेली असेल तर ही ओळ दुप्पट लागते.

प्रश्न : माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारली. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे, म्हणून कराराबद्दल विचारायला संकोच वाटतो.

संकोच सोडा. मनापासून आभार माना आणि करार ओळन् ओळ वाचा. दोन्ही एकाच दिवशी करता येतं. मानधन छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाता आलेल्या रकमेवर? दोन्हींत टक्केवारी एकच असली तरी हाती येणारी रक्कम फार वेगळी असते. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहिले आहेत का? किती वर्षांसाठी? आवृत्ती संपून पुस्तक मिळेनासं झालं तर हक्क तुमच्याकडे परत कधी येतात? विक्रीचा हिशेब वर्षातून कितीदा मिळणार? उत्तरं लेखी घ्या. चांगल्या प्रकाशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रश्न : ऋणनिर्देश किती लांब असावा?

एक पान. पुस्तक लिहून झाल्यावर आठवायला बसलं की नावं सुटतात, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर ती टिपत जा. प्रत्येकापुढे त्यानं काय केलं ते चार शब्दांत लिहा. ‘ज्यांनी मोलाचं सहकार्य केलं’ असं सगळ्यांना एका ओळीत गुंडाळू नका. ‘संध्याकाळचा पाऊण तास घरात कुणी मला हाक मारली नाही’ असं लिहिलंत तर घरच्यांना ते कळेल. कुणाच्या आजारपणाचा किंवा खासगी गोष्टीचा उल्लेख येत असेल तर आधी त्यांना विचारा. शेवटच्या मुद्रितात नावांचं शुद्धलेखन ज्याच्या त्याच्याकडून तपासून घ्या. संगणकाचा तपासनीस तिथे उपयोगाचा नाही.