'रोबोकॉप 2'चे खलनायक पुन्हा बघताना

तुमची तक्रार थोडक्यात अशी: 1987चा 'रोबोकॉप' तुमचा अत्यंत आवडता, म्हणून 1990चा दुसरा भाग हौसेने लावलात आणि विरस झाला. खलनायक केन फिका वाटला, हॉब नावाचा तो पोरगेला गुंड तर सहनच झाला नाही. मग हल्ली इतके चाहते या भागाची बाजू का घेतात? मी बाजू घेणाऱ्यांतला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. शेवटापर्यंतचं कथानक उघड होईल, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावं.

पहिल्या भागात वैर सरळ होतं. गुंड क्लॅरेन्स बॉडिकरने मर्फी या पोलिसाला हालहाल करून मारलं, त्याच्या पाठीशी ओसीपी कंपनीतला डिक जोन्स होता, आणि त्याच कंपनीने यंत्रात बसवून रोबोकॉप बनवलेला मर्फी दोघांचा हिशेब चुकता करतो. दुसऱ्या भागात आपण नकळत नवा बॉडिकर शोधत बसतो. केन त्या जागी बसत नाही. टॉम नूननने तो हळू आवाजात, जवळजवळ प्रवचनकारासारखा केला आहे. 'न्यूक' नावाचं व्यसन तो विकतो आणि स्वतःही त्याचा भक्त आहे. सिनेमाच्या मध्यावर तो पकडला जातो आणि माणूस म्हणून संपतोही. 1990 साली बहुतेकांना हा पटकथेचा ढिसाळपणा वाटला. मला मात्र सिनेमातली सगळ्यात भेदक गोष्ट तिथूनच सुरू होते असं वाटतं.

कारण केनला पुढे नेते ती ओसीपीची मानसशास्त्रज्ञ डॉ. जुलिएट फॅक्स. कंपनीला नवा रोबोकॉप हवा आहे. पोलिसांवर केलेले प्रयोग फसलेत: एकाने तंत्रज्ञांना गोळ्या घालून स्वतःला संपवलं, दुसऱ्याने शिरस्त्राण उपटून काढलं आणि किंचाळत कोसळला. फॅक्सचा निष्कर्ष असा की, ज्याला शरीर गमावल्याचं दुःख होणार नाही, उलट ताकद मिळाल्याचा आनंद होईल असा माणूस हवा. म्हणजे गुन्हेगार. ती इस्पितळात केनला मरू देते आणि त्याचा मेंदू यंत्रात बसवते. त्या यंत्राला ताब्यात कसं ठेवायचं? न्यूकची मात्रा देऊन. ज्या विषाने शहर पोखरलं, तेच आता कंपनीच्या उत्पादनाचं इंधन झालं. पहिल्या भागात गुंड कंपनीसाठी काम करत होता, इथे कंपनीने गुंडालाच माल बनवला. बेलिंडा बाऊअरची फॅक्स कुठेही आवाज चढवत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मर्फीच्या डोक्यात ढीगभर सोज्वळ आज्ञा कोंबून त्याला निकामी करणारीही तीच. त्या आज्ञा पुसायला मर्फीला स्वतःला विजेचा जबर झटका द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो पुन्हा उभा राहतो.

आता हॉब. गॅब्रिएल डेमनने केलेल्या या भूमिकेवर तेव्हाच्या समीक्षकांनी कडाडून टीका केली. लहान मुलाच्या हातात बंदूक आणि तोंडात शिव्या, हे अनेकांना केवळ धक्का देण्यासाठी केलेलं वाटलं. मला तसं वाटत नाही. त्याच्या दोन प्रसंगांकडे पुन्हा बघा. पहिल्यात मर्फी समोर मूल आहे हे पाहून थबकतो आणि हॉब त्याच्या त्याच थबकण्याचा फायदा घेऊन गोळी झाडतो. दुसरा नंतरचा. केन गेल्यावर धंदा हॉबकडे आला आहे आणि तो महापौरांना सौदा सांगतो: शहराचं ओसीपीकडचं देणं फिटेल एवढी रोकड घ्या, आमच्या धंद्याच्या वाटेला जाऊ नका. कर्जात बुडालेल्या डेट्रॉइटला वाचवण्याचा पैशानिशी आलेला प्रस्ताव एक पोरगा ठेवतो. शहराने कर्ज फेडलं तर ओसीपीच्या हातून ते निसटेल, म्हणून फॅक्स तिथे केनला पाठवते आणि कत्तल होते. हॉब पैशांच्या गाडीत मरतो. मर्फी त्याचा हात धरून बसतो. ज्याने आपल्यावर गोळी झाडली त्याच्याजवळ तो बाप बनून बसलेला असतो, आणि त्याला स्वतःचा मुलगा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तो प्रसंग दोन मिनिटांत आटपतो, पण अख्ख्या मालिकेत माणूसपणाचा इतका नेमका क्षण मला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

डॅन ओ'हर्लिहीने केलेल्या ओसीपीच्या म्हाताऱ्या अध्यक्षाबद्दल तुमचा आक्षेप रास्त आहे. पहिल्या भागातला आजोबांसारखा माणूस इथे अचानक निर्दय झाला, आणि हा बदल नीट पेरलेला नाही. तरीही शेवट पटतो: इतकी माणसं मेल्यावर कंपनी सगळा दोष फॅक्सवर ढकलायचं ठरवते आणि अध्यक्ष सुटतो. बॉडिकर मेला तेव्हा आपलं समाधान झालं होतं, इथे ते समाधान मुद्दाम दिलेलं नाही. जुलै 2013मध्ये खरं डेट्रॉइट सुमारे 1,800 कोटी डॉलर देण्यांसह दिवाळखोरीत गेलं, तेव्हा अनेकांना हा सिनेमा आठवला. खऱ्या दिवाळखोरीची कारणं वेगळी आणि कितीतरी गुंतागुंतीची होती. पण शहर हे सावकाराच्या हातात पडू शकणारं तारण आहे, ही कल्पना तेव्हा कुणालाच अतिशयोक्ती वाटली नाही.

यंत्ररूपातल्या केनबद्दलही लिहायलाच हवं. फिल टिपेटच्या चमूने तो एकेक फ्रेम हलवून जिवंत केला आहे. त्या धुडाच्या चालीत वजन आहे, पाय टेकताना जमीन दबल्यासारखी वाटते. यंत्राच्या पडद्यावर उमटणारा केनचा संगणकीय चेहरा आज जुनाट दिसतो, पण आपल्याच प्रेयसीला हळुवार स्पर्श करून मग मारणारं ते यंत्र पाहिलं की तो जुनाटपणा विसरायला होतो.

आता दोष, कारण कौतुकाच्या भरात लोक तेही झाकतात. मर्फीची बायको सुरुवातीला भेटायला येते, कंपनी त्याच्याकडून तिला नाकारून घेते, आणि एवढा जबरदस्त धागा पुढे सरळ सोडून दिला आहे. नॅन्सी अ‍ॅलनच्या लुईसला करायला पुरेसं काही नाही. पहिल्या भागातली बॅसिल पोलेडूरिसची धून काढून लिओनार्ड रोझेनमनने समूहस्वरात रोबोकॉपचं नाव गाणारं संगीत दिलं, ते मला आजही बोचतं. दिग्दर्शक आर्विन कर्शनरने दहा वर्षं आधी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये नायकाच्या मनातली तडफड किती सुंदर उलगडली होती! इथे मात्र नायक मध्यानंतर कथेच्या कडेला जातो आणि खलनायकच सिनेमा ओढतात.

म्हणून पुन्हा पाहणार असाल तर सूडकथेची अपेक्षा बाजूला ठेवा आणि फॅक्सवर नजर ठेवा. ती ज्या ज्या दृश्यात आहे तिथे कोण कुणाला काय विकतंय एवढंच बघत चला. हॉबचा सौदा आला की मागचे तुकडे जुळायला लागतील. तरीही नाही आवडला, तर बायकोचा सुटलेला धागा हे त्याचं पुरेसं कारण आहे, त्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.