प्रशिक्षण झालं, पण उत्साह कुठे?

प्रश्न : आमच्या विभागातले काही अनुभवी सहकारी सांगितलं तेवढंच करतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊनही फरक नाही. काय चुकलं?

उत्तर : बहुधा क्रम. आधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे अर्धा तास बोला : काम कुठे अडतं, काय शिकायचंय? मूळ दुखणं पगाराचं किंवा कामाच्या बोज्याचं असेल, तर प्रशिक्षणाने चीडच वाढते. आधी तेच सोडवा. कौशल्य कमी पडत असेल, तर एकच विषय घ्या आणि आठवड्याला ४५ मिनिटांचं सत्र ठेवा, तेही कामाच्या वेळेतच. सुट्टीच्या दिवशी बोलावणं ही शिक्षाच वाटते. शिकलेलं त्याच आठवड्यात खऱ्या कामात वापरायला द्या, नाहीतर ते विसरलं जातं. एखादं सत्र त्या अनुभवी सहकाऱ्यांनाच घ्यायला सांगा. महिन्याभराने सुरुवातीचेच प्रश्न पुन्हा विचारा.